हिशेब विचारा : अमेरिकेतली उरलेली सवलत, स्लॅबवरचे उरलेले युनिट

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं सोलरची आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकांच्या पोटात एकच गोष्ट आहे: जे या वर्षी वापरून झालं नाही ते पुढच्या वर्षी मिळतं का? पहिलं पत्र लांब आहे आणि त्याचं उत्तर त्याहून लांब. ज्यांची मुलं परदेशात नाहीत त्यांनीही ते वाचावं, कारण शेवटी गाडी आपल्या गावात येते.

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. दिग्रस तालुक्यात गाव, नऊ एकर शेती, कापूस आणि तूर. मुलगा अमेरिकेत टेक्सासला नोकरीला आहे. सूनबाई सोबत आहे, पण तिच्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नाही. २०२५ मध्ये त्यांनी तिथल्या स्वतःच्या घरावर सोलर बसवलं. खर्च २८,००० डॉलर, कर्ज काढून. काम सप्टेंबरमध्ये पूर्ण झालं. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं की तीस टक्के, म्हणजे ८,४०० डॉलर, सरकार परत देते. आता विवरणपत्र भरायची वेळ आली तर मुलगा म्हणतो, "बाबा, माझा वर्षाचा करच साडेपाच हजारांच्या जवळ आहे, अन् तोही पगारातून कापून गेला. भरायचं काही उरलंच नाही तर सवलत कशातून घेऊ? गेली ती वाया." फोन आला की हाच विषय. त्याचा पगार वर्षाला ८२,००० डॉलर आहे. कापलेला कर ५,९०० आहे असं तो सांगतो.

आणखी दोन शंका. तो म्हणतो, गावातल्या घरावरही सोलर बसवा, पैसे मी पाठवतो आणि त्यावरची सवलत इथं घेतो. असं चालते का? आणि दोन-तीन वर्षांत कायमचं परत यायचा त्याचा विचार आहे. तोवर काही सवलत उरलीच तर ती इकडच्या इन्कम टॅक्समध्ये लावता येईल का?
— एक निवृत्त शिक्षक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, आज रात्री फोन आला की मुलाला आधी हे सांगा: काहीही वाया गेलेलं नाही. या वर्षीचं या वर्षी मिळेल आणि उरलेलं पुढच्या वर्षी.

आता कसं ते. त्याची गफलत 'भरायचा कर' आणि 'वर्षाचा कर' यांत झाली आहे. ही गफलत करणारा तो एकटा नाही. माझ्याकडे येणारे निम्मे पगारदार असंच समजतात. वर्षाचा कर म्हणजे त्याच्या उत्पन्नावर कायद्यानं बसणारा एकूण कर. पगारातून दर महिन्याला कापलेली रक्कम म्हणजे त्या करापोटी आधीच दिलेली उचल. सवलत एकूण करातून वजा होते. मार्च-एप्रिलमध्ये शेवटी जे भरायचं राहतं, त्याच्याशी तिचा संबंध नाही.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवर मांडून बघू. दोघांचं मिळून एकच विवरणपत्र भरलं, तर २०२५ साठी अमेरिकेत ३१,५०० डॉलरची सरसकट वजावट मिळते. ८२,००० मधून ती गेली की ५०,५०० उरतात. त्यातल्या पहिल्या २३,८५० वर दहा टक्के, म्हणजे २,३८५. उरलेल्या २६,६५० वर बारा टक्के, म्हणजे ३,१९८. बेरीज सुमारे ५,५८० डॉलर. मुलानं सांगितलेला साडेपाच हजारांचा आकडा हाच. दुसरी कुठलीही मिळकत किंवा सवलत नाही असं धरून मी हे मांडते आहे.

आता सोलरची सवलत ८,४००. कर ५,५८०. सवलतीतले ५,५८० लागले की त्याचा २०२५ चा कर शून्य झाला. मग पगारातून कापलेले ५,९०० कशासाठी कापले? कशासाठीच नाही. म्हणून ते सगळेच्या सगळे त्याला परत मिळतील. सवलत घेतली नसती तर परतावा जेमतेम ३२० डॉलर आला असता. ८,४०० मधले न वापरलेले २,८२० डॉलर २०२६ च्या करात जातील. पगार आणि घरची परिस्थिती अशीच राहिली तर ते तिथं पूर्ण जिरतील.

या सवलतीचा स्वभाव नीट कळायला आपल्याकडचंच उदाहरण घ्या. तुमच्या पेन्शनीवर कर का लागत नाही? नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर ८७अ कलमाखालच्या सूटीनं शून्य होतो म्हणून. ती सूट साठ हजारांपर्यंत आहे. समजा तुमचा कर वीस हजार निघाला, तर वीस हजारच माफ होतात. उरलेले चाळीस हजार सरकार तुमच्या खात्यात टाकत नाही आणि पुढच्या वर्षासाठी राखूनही ठेवत नाही. अमेरिकेची सोलर सवलत पहिल्या बाबतीत अगदी अशीच आहे: कर शून्याच्या खाली नेत नाही, वरचे पैसे हातात देत नाही. बसवणारा "सरकार ८,४०० परत देते" म्हणाला ते इथं अर्धवट होतं. दुसऱ्या बाबतीत मात्र ती आपल्या सूटीपेक्षा उदार आहे. उरलेला भाग पुढच्या वर्षाच्या सवलतीत मिळवायचा, असं त्यांच्या कायद्यातच, २५डी कलमात, लिहिलेलं आहे. त्याला वर्षांची मर्यादा घातलेली नाही. आपल्याकडे शेअरमधला तोटा पुढं ओढायचा तर आठ वर्षं मिळतात, तीही विवरणपत्र वेळेत भरलं असेल तरच.

करायचं काय? विवरणपत्रासोबत ५६९५ क्रमांकाचा फॉर्म जोडायचा. त्याच्या पहिल्या भागात खर्च लिहायचा, तीस टक्के काढायचे, त्या वर्षीच्या कराची मर्यादा सोबतच्या तक्त्यावरून काढायची. त्या भागाच्या शेवटी पुढच्या वर्षी नेण्याची रक्कम निघते. हा आकडा जपायचा. पुढच्या वर्षी 'मागील वर्षाची उरलेली सवलत' म्हणून तोच भरावा लागतो. माणसं सॉफ्टवेअर बदलतात, कर भरून देणारा बदलतात आणि तिथंच ही रक्कम गळते. नव्या माणसाला जुना फॉर्म दाखवला नाही तर त्याला स्वप्न थोडंच पडणार आहे? यंदाची मुदत १५ एप्रिल २०२६.

मुलगा आणखी एक ऐकून घाबरला असेल: सवलत बंद झाली. ते खरं आहे. २०२२ मध्ये आलेल्या कायद्यानं ती तीस टक्क्यांवर नेऊन २०३२ पर्यंत पूर्ण दरानं ठेवली होती. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यानं ती ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी संपवली. पण 'खर्च केव्हा झाला' याची त्यांची व्याख्या पैसे देण्यावर नाही, काम पूर्ण होण्यावर आहे. तुमच्या मुलाकडचं काम सप्टेंबरमध्ये पूर्ण झालं, म्हणजे ते मुदतीत बसलं. डिसेंबरमध्ये पूर्ण पैसे मोजले आणि पॅनेल जानेवारीत चढले, अशा माणसाला एक सेंटही मिळणार नाही. बंद झाली आहे ती नवी सवलत. मुदतीत मिळालेली आणि कराअभावी उरलेली सवलत पुढं नेण्याची तरतूद काढलेली नाही.

कर्जाबद्दल एक गोष्ट जरूर विचारा. कर्जातून घेतलं तरी पॅनेलची मालकी त्याची असेल तर पूर्ण २८,००० वर सवलत मिळते, व्याजावर मिळत नाही. पॅनेल भाड्यानं घेतलेले असतील तर सवलत भाड्यानं देणाऱ्या कंपनीची. पण माझा मुद्दा वेगळा आहे. तिथल्या बऱ्याच सोलर कर्जांत अशी अट असते की पहिल्या दीड वर्षात सवलतीइतकी रक्कम कर्जात भरा, नाहीतर हप्ता वाढेल. हप्त्याचं गणित ८,४०० एकदम हातात येतील असं धरून केलेलं असतं. इथं तर यंदा ५,५८० येणार आणि २,८२० चा लाभ पुढच्या वर्षीचं विवरणपत्र भरताना दिसणार. कर्जाच्या कागदात ही तारीख कोणती आहे ते त्यानं आत्ताच पाहावं. तारीख आधी येत असेल तर मधल्या काळाची सोय करून ठेवावी. सवलत वाया गेली म्हणून रडण्यापेक्षा हा कागद वाचण्यात रात्र गेली तर बरी.

आता गावातल्या घराचं. नाही, चालत नाही. ती सवलत अमेरिकेत असलेल्या घरावरच्या सोलरसाठीच होती. पैसे कोणी दिले, कुठल्या खात्यातून दिले, यानं काही फरक पडत नाही. शिवाय २०२५ संपलं. त्यामुळे दिग्रसमधल्या घराची पावती टेक्सासच्या विवरणपत्रात घालण्याचा विचार त्यानं मनातून काढून टाकावा. तिकडचं करखातं अशा गोष्टी गमतीनं घेत नाही. पैसे मात्र त्यानं खुशाल पाठवावेत. मुलानं बापाला दिलेली भेट आपल्याकडे करपात्र नाही.

परत येण्याचंही उत्तर सोपं आहे. तिकडची उरलेली सवलत फक्त तिकडच्या करात वापरता येते. आपल्या आयकर विवरणपत्रात तिला जागा नाही. तो कायमचा परत आला आणि अमेरिकेत करपात्र काही उरलं नाही, तर ती रक्कम कागदावर राहील आणि कागदावरच संपेल. पण तुमच्या हिशेबानं ती २०२६ मध्येच जिरते, त्यामुळे हा प्रश्न बहुधा उद्भवणार नाही.

गुरुजी, तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण हाच प्रश्न मला गावोगावचे लोक विचारतात. एजंट सांगतात, "सोलर बसवा, अनुदान मिळेल आणि टॅक्समध्येही सूट." घरावरच्या सोलरसाठी आपल्या आयकरात कसलीही सवलत नाही. व्यवसायासाठी बसवलं तर घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो, सोलरवर चाळीस टक्के. जिनिंगवाल्याला किंवा पिठाच्या गिरणीवाल्याला त्याचा उपयोग आहे, पेन्शनरला नाही. घरासाठी आहे ते अनुदान: प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, मिळून जास्तीत जास्त ७८,०००. चौथ्या किलोवॅटला काही नाही. पॅनेल भारतात बनलेले, त्यांतल्या सौर पेशीसुद्धा इथल्याच हव्यात. बसवणारा योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा. नेट मीटर (दिलेली आणि घेतलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागून तपासणी झाली की पैसे थेट बँक खात्यात येतात.

आणि मला विचाराल तर आपल्या भागासाठी हीच पद्धत बरी. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही. कापूस, सोयाबीन, संत्र्यावर जगणाऱ्याला अमेरिकेसारखी सवलत दिली असती तर ती दर वर्षी पुढं, पुढं, पुढं जात राहिली असती आणि नातवाच्या हातीही पडली नसती. करातून सूट त्यालाच लाभते ज्याला कर आहे. अनुदानाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, विजेचं बिल लागतं. त्या अनुदानातही गोम आहेच: पैसे आधी तुम्ही घालायचे, सरकार नंतर देणार. पण तीन किलोवॅटपर्यंत बँका विनातारण कर्ज देतात, आणि तुम्हाला तर टेक्सासची बँक आहे.

प्रश्न : ताई, मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या स्लॅबवर तीन किलोवॅटचं सोलर बसलं. हिवाळ्यात आमचं घर महिन्याला शंभर युनिटही जाळत नाही, त्यामुळे बिलावर शिल्लक वाढत चालली आहे. आता आठशेच्या वर युनिट जमा दिसतात. बसवणारा म्हणतो, उन्हाळ्यात कूलर लावा, हे युनिट कामी येतील. शेजारचे म्हणतात ३१ मार्चला सगळे पुसले जातात. कोणाचं खरं?
— एक अंगणवाडी सेविका, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : शेजाऱ्यांचं जवळपास खरं आहे. बसवणाऱ्यानं तुम्हाला अर्धंच सांगितलं.

नेट मीटरमध्ये तुम्ही महावितरणला दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट दर महिन्याला वजा होतात. दिलेले जास्त असले तर फरक पुढच्या महिन्याच्या बिलात जातो. इथपर्यंत सरळ आहे. पण हे पुढं नेणं आर्थिक वर्षाच्या आतच चालतं. ३१ मार्चला जे उरतं ते महावितरण वीज नियामक आयोगानं ठरवलेल्या दरानं विकत घेतं आणि १ एप्रिलला तुमची शिल्लक शून्यापासून सुरू होते. म्हणजे युनिट अगदीच हवेत जात नाहीत, त्याचे पैसे मिळतात. पण तो दर तुम्ही ज्या दरानं वीज घेता त्यापेक्षा बराच कमी असतो. दिलेला युनिट स्वस्तात गेला आणि मे महिन्यात तोच महागात घेतला, असा तो व्यवहार.

आणि विदर्भाचं दुखणं इथंच आहे. आपल्याकडे शिल्लक साठते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. आकाश स्वच्छ, पंखा बंद, कूलर माळ्यावर. वापर सुरू होतो तो एप्रिलमध्ये, जेव्हा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसकडे निघतो. बरोबर त्याच्या तोंडाशी, ३१ मार्चला, पाटी कोरी होते. हे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू झालं असतं तर आपल्या हिवाळ्यानं आपला उन्हाळा पोसला असता. कोकणातल्या माणसाला या तारखेचा इतका त्रास होत नसावा.

त्यात पॅनेलला ऊन आवडतं पण उष्णता आवडत नाही. पॅनेलचं तापमान पंचवीस अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे उत्पादन साधारण एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं घटतं. मे महिन्याच्या दुपारी पॅनेलची काच साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते. म्हणून 'उन्हाळा म्हणजे दुप्पट वीज' हा समज सोडून द्या. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट, महिन्याला शंभर ते एकशेवीस. पावसाळ्यात त्याहून कमी.

तुमच्या आठशे युनिटचं काय करायचं? मार्च हातात आहे. गॅसऐवजी इंडक्शनवर स्वयंपाक करा, पाण्याची मोटर, गिझर, इस्त्री, काय चालवायचं ते चालवा. आठशे संपणार नाहीत, आणि संपवायचे म्हणून वीज उधळण्यातही शहाणपण नाही. जे स्वस्तात जाणार तेवढंच कामाला लावा. एप्रिलचं बिल आलं की दोन गोष्टी बघा: मागील शिल्लक शून्य झाली का, आणि विकत घेतलेल्या युनिटची रक्कम तुमच्या नावावर जमा दिसते का. न दिसल्यास महावितरणच्या उपविभागात ग्राहक क्रमांक घालून लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं त्या टेबलावर टिकत नाही.

खरं सांगायचं तर तुमच्या घराला तीन किलोवॅट जास्त झाले. बसवणारे तीनच विकतात कारण ७८,००० हा आकडा कानाला गोड लागतो. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान १८,०००च आहे हे कोणी सांगत नाही. शिवाय घरगुती वीजदर टप्प्यांचा आहे, शंभर युनिटपर्यंतचा सर्वांत स्वस्त. सोलरनं आधी तुमचे महागड्या टप्प्यातले युनिट वाचतात, मग स्वस्त टप्प्यातले. म्हणून पहिला किलोवॅट जितका वाचवतो तितका तिसरा वाचवत नाही. तुमचं बसून झालं, ते आता राहू द्या. घरात पुढं एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर आली तर ते कामी येईल. पण ज्यांचं अजून बसायचं आहे त्यांनी वर्षभराच्या बिलांची सरासरी काढू नये. एप्रिल ते जूनची बिलं वेगळी मांडा आणि उरलेल्या नऊ महिन्यांची वेगळी. मधल्या आकड्याला जेवढं पुरेल तेवढंच घ्या. उन्हाळ्यात थोडं बिल आलं तर येऊ द्या.

दोन बारक्या गोष्टी, कारण यावरून भांडणं होतात. युनिट शून्य असले तरी बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि लाइन गेली की साधं नेट मीटरचं सोलरही बंद पडतं, भर दुपारी सुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. म्हणजे वीज जाते तेव्हा तुमची निर्यातही थांबते. चंद्रपूरची वीज सगळ्या महाराष्ट्रात जाते आणि आपली दुपार अंधारात, हे रडगाणं मी पुन्हा गात नाही. बॅटरी लावली तर चालतं, पण खर्च वाढतो.

प्रश्न : सासरे वारून सहा वर्षं झाली. मीटर अजून त्यांच्याच नावावर. सोलरचा अर्ज माझ्या नवऱ्याच्या नावानं केला तर अनुदान अडकते का?
— एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : अडकतं. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि बिलावरचं नाव, अर्जदार, बँक खातं यांचा मेळ बसावा लागतो. आधी मीटर नवऱ्याच्या नावावर करा. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि इतर वारसांची संमती जवळ ठेवा. घर अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर पहिली फेरी ग्रामपंचायतीत, दुसरी महावितरणकडे. हे उरकेपर्यंत बसवणाऱ्याला बयाणा देऊ नका. छत टिनाचं किंवा कवेलूचं असेल तर त्याला आधी येऊन बघू द्या, आणि तुमच्याकडे माकडांचा त्रास असेल तर तेही सांगा. त्यांनी उड्या मारून काच फोडलेली माझ्या पाहण्यात आहे.

प्रश्न : मॅडम, शेतात सौरपंप भेटला, पाच एचपीचा. हरभऱ्याचं वलित झालं का पॅनेल नुसते उभे राह्यतेत. दिवसभर ऊन खातेत अन् काहीच करत नाईत. ते वीज घरी आनता येते काय? नाहीतं महावितरणले इकता येते काय? कमीत कमी जमा तं झाली पाह्यजे.
— एक शेतकरी, ता. बार्शीटाकळी, जि. अकोला

उत्तर : भाऊ, जमा व्हायला मीटर पाहिजे आणि तुमच्या पंपाला तो नाही. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतले पंप लाइनला जोडलेलेच नसतात. पंप बंद म्हणजे पॅनेलची वीज घेणारं कोणी नाही. त्यामुळे तिचा हिशेब राहत नाही, विक्री होत नाही आणि पुढंही काही जात नाही. गावातल्या नेट मीटरवाल्याचे युनिट बघून तुमचा जीव जळतो हे मला कळतं, पण त्यानं पैसे भरले आणि तुम्ही दहा टक्के हिस्सा, हेही विसरू नका.

कंट्रोलरची तार तोडून घरी ओढायची हुशारी मात्र करू नका. पॅनेलच्या बाजूचा करंट डीसी असतो, त्याचा झटका सोडत नाही. वर पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी असते. छेडछाड दिसली तर कंपनी हात वर करील, आणि मग ऐन जूनमध्ये खंड पडला की पंप बंद आणि ऐकणारं कोणी नाही. शेततळं असेल तर रिकाम्या दिवसांत विहिरीचं पाणी त्यात चढवा. आपल्याकडे सौरपंपाची 'शिल्लक' साठवायची तीच एक जागा. विहिरीला तेवढं पाणी नसेल तर पॅनेल उभे राहू द्या, त्यांना खायला लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, पॅनेल तापायच्या आत, साध्या पाण्यानं धुवा. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका, तडा जातो.